विसरमोरकी

आमच्या वस्तीवर एखादी गाय माजावर येईना झाली, की गाय सोडून सगळ्यांना कंठ फुटतो. हातात चहाचा कप आणि तोंडात सल्ला घेऊन माणसं सकाळपासून अंगणात येऊन बसतात. कुणी म्हणे मोड आलेली मटकी घाला, कुणी म्हणे पाणी बदला, आणि एक पाहुणे तर म्हणाले, गोठ्याचं तोंड चुकलंय. मी म्हटलं, "दादा, गोठ्याचं राहू द्या, तुम्ही चहा घ्या गार व्हायच्या आत." आमचे हे मागून हळूच म्हणाले, "रूपे, पाव्हणे हैत." पाहुणे आहेत म्हणूनच चहा दिला होता ना!

मी रूपाली. नावाला हसू नका. आमच्या पिढीत गावोगावी रूपाल्या होत्या, आता सगळ्या आज्या व्हायला आल्यात. माणदेशात आमची वस्ती आहे, खरसुंडीच्या वाटेवर. आणि माझी गाय चांदणी, खिलार. पांढरीशुभ्र, शिंगं अशी सरळ वर गेलेली, आणि स्वभाव माझ्यासारखा. म्हणजे चांगला.

एक काळ असा होता की खिलार गाय ठेवणाऱ्याला लोक वेड्यात काढत. दूध कमी, शेतात ट्रॅक्टर, मग बैलाची आई पोसायची कशाला? पण उन्हाळे वाढत गेले. परदेशी जातीच्या गाई मार्च महिन्यातच जीभ काढून धापा टाकायला लागल्या, पंखे लावले, पाण्याचे फवारे मारले, तरी टिकेनात. तेव्हा सगळ्यांना आमची उन्हात चरणारी खिलार आठवली. मग खिलार संगोपन संघ निघाला. गाय संघाची, पोसायची आपण. चारा संघ देतो. अट एकच, वंश वाढला पाहिजे. ज्येष्ठ महिन्यात संघाची गाडी येते, गाईच्या श्वासाजवळ यंत्र धरतात आणि गाभण आहे की रिकामी ते तिथल्या तिथं सांगतात. वासरू होऊनही रिकामी राहिलेली गाय गाडीत चढते आणि लांब छावणीवर जाते. तुम्हाला दुसरी गाय बदलून मिळते.

बदलून! चांदणी जन्मताना आडवी आली होती. तिला आईच्या पोटातून ओढून काढलं ते या हातांनी, कोपरापर्यंत आत घालून. ती काय गॅसची टाकी आहे बदलून द्यायला?

दसऱ्याला चांदणीला खोंड झालं, पाखऱ्या. आमच्याकडं खोंडाला चारी सड मोकळे सोडतात. खिलार गाईची धार काढून कुणी डेअरीला घालत नाही, सगळं दूध वासराचं. त्यावरच पुढं त्याची छाती भरते आणि जत्रेत माणसं वळून बघतात. पाखऱ्या प्यायचा, चांदणी चाटायची, मी बघत बसायची. दिवाळी गेली, संक्रांत आली, चांदणी काही हंबरेना की कान टवकारेना. माज नाहीच.

संक्रांतीला माझी लेक आली, स्वरांजली. आम्ही अंजू म्हणतो. पुण्याला जनावरांच्या संशोधन केंद्रात असते. आल्या आल्या तिळगूळ बाजूला ठेवून गोठ्यात शिरली.

"वळूच भिकार हाय संघाचा," तिचे पप्पा म्हणाले.

"पप्पा, गाय माजावरच आली न्हाई तर वळू काय करंल? टाळ्या वाजवंल?"

मग तिनं चांदणीला नखशिखान्त तपासलं. बरगड्यांवर हात फिरवून बघितला, कारण विताना हाडं निघालेली गाय लवकर माजावर येत नाही. चांदणी भरलेली होती. रक्त बघितलं, क्षार कमी नव्हते. गर्भाशयात सूज नव्हती, पू नव्हता. मुका माज असतो, म्हणजे गाय आतून माजावर येते पण हंबरत नाही, तोही यंत्रात दिसला नाही. उन्हाचा त्रास म्हणावा तर ही थंडी.

"मग झालंय काय तिला?" मी विचारलं.

अंजू पाखऱ्याकडं बघत होती. तो शेपूट हलवत ढुशा देत पीत होता. "हे झालंय," ती म्हणाली.

चुलीपाशी बसून तिनं मला समजावलं. "ऐक मम्मी. गाईच्या मेंदूतनं अंडाशयाला थांबून थांबून हुकूम जात असतो, की अंडं पिकव. संप्रेरकाचा हुकूम. हुकूम वरचेवर गेला की गाय माजावर येते. वासरू पीत असलं की मेंदू हा हुकूम दाबून धरतो. आधी हे लेकरू वाढू दे, मग दुसरं."

"मग त्या डेअरीच्या गाई? त्यांचीबी धार काढत्यातच की. त्या कशा येतात माजावर?"

"बरोबर विचारलंस. नुसते सड ओढल्यानं हुकूम थांबत न्हाई. बँकेच्या लॉकरला कशा दोन किल्ल्या लागतात, तसं हाय. एक किल्ली सडाला लागलेलं तोंड. आणि दुसरी, गाईला कळलं पाहिजे की हे माझंच वासरू हाय. दोन्ही एका वेळी लागल्या की कुलूप बसतं. परक्याचं वासरू दिवसभर प्यालं तरी बसत न्हाई."

"म्हंजी ती आई हाय म्हणून माजावर न्हाई?"

"फार चांगली आई हाय म्हणून."

कुणी माझंच कौतुक करावं तसं मला बरं वाटलं. पण ज्येष्ठ काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. वासरू तोडावं, म्हणजे आईपासून लांब बांधावं, तर पाखऱ्या ऐन वाढीत वाळून जाणार. आणि तो समोर नसला तर चांदणी पान्हा सोडणार नाही, दूध बादलीत काढून पाजीन म्हटलं तरी मिळणार नाही.

मग अंजूनं पिशवीतून मोरकी काढली. दिसायला साधी, गाईच्या तोंडावर बांधतो तशीच सुती दोरीची. फक्त नाकावरच्या पट्टीत सुपारीएवढी डबी. त्यातून असे काही कण सुटतात की गाईला वास येतात, पण या वासराचा वेगळा आणि त्या वासराचा वेगळा असा फरक कळत नाही. गाय आपल्या वासराला मुख्यतः वासानं ओळखते. मोरकी बांधली की सगळी वासरं सारखी. शिवाय गाय सारखी जिभेनं नाकपुडी चाटते ना, त्या ओलाव्यातून डबी संप्रेरकं मोजते आणि आलेख फोनवर पाठवते. केंद्रात याला कसलं तरी लांबलचक नाव आहे. आमच्या ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी विसरमोरकी." तेच नाव पडलं.

मोरकी बांधली. पाखऱ्या पीत होता, चांदणी रवंथ करत होती, अंजू रोज फोनमध्ये डोकं घालून. आलेख ढिम्म.

"असं कसं?" अंजू चिडली. "बाकी सगळीकडं लागू पडलंय."

"माझी गाय हाय ती. कुणाचं ऐकती?"

पण अंजूच्या एक गोष्ट लक्षात आली. आलेखातली ममतेच्या संप्रेरकाची रेघ पाखऱ्या सडाला लागल्यावर नाही, त्याच्या आधीच वर चढायची. तो अजून घराच्या मागं असायचा, आणि इकडं चांदणीचे कान उभे. आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. मी पाखऱ्याला सोडलं. घराच्या मागून आवाज आला, छुन छुन छुन, आणि अंजूनं कपाळावर हात मारला.

"मम्मी! घुंगरू!"

आमच्यात वासराच्या पाचवीला गळ्यात काळा गोंडा आणि घुंगरू बांधतात. नजर लागू नये म्हणून. पाखऱ्याच्या गळ्यातलं घुंगरू चांदणीच्या गळ्यातलं, त्याआधी तिच्या आईच्या गळ्यातलं. एवढी शिकलेली माझी पोर, तिच्या बारशाला मीच तिच्या पाळण्याला घुंगरू बांधलेलं, तरी तिला सुचलं नाही आणि मलाही नाही. इतकं अंगवळणी पडलेलं. चांदणी नाकानं विसरत होती आणि कानानं ओळखत होती.

घुंगरू काढलं. नको म्हणत होते मी, पण काढलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आलेख हलला. अंजू तर उडीच मारणार होती. मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू? दुपारी मी अंगणात शेंगा फोडत होते. पाखऱ्या हुंदडता हुंदडता दावणीजवळच्या चरात पडला. फार खोल नव्हता चर, पण पाय वर आणि पाठ खाली असा अडकला आणि ओरडायला लागला. चांदणी हाताच्या अंतरावर उभी होती. तिनं मान वळवली. बघितलं. आणि परत कडब्यात तोंड घातलं.

मी शेंगा टाकून धावले, पाखऱ्याला बाहेर काढलं, आणि चांदणीची मोरकी ओढून काढली. थोड्या वेळानं चांदणी फुसफुसली, पाखऱ्याला हुंगलं आणि मग असं चाटायला लागली की त्याला उभं राहता येईना. मी तिथंच बसून रडले.

अंजू घरातून बाहेर आली. "काढलीस? मम्मी, अजून थोडेच दिवस हुते!"

"मला न्हाई बघवत."

"मग गाडीत चढताना बघवंल? छावणीवर गेल्यावर तिचा पाखऱ्याबी सुटला आणि तूबी सुटलीस. ते बघशील?"

"तुझं यंत्र घेऊन जा पुण्याला!"

"जाते की! त्यात वाईट काय वाटायचंय? ती काय कायमची विसरते का? मोरकी काढली की ओळखतेच."

"तुला लेकरू झालं की सांग मला. तासभर विसरून दाखव."

असं आमचं चांगलंच वाजलं. हे मधे पडले आणि दोघींच्याही शिव्या खाऊन गेले. शेवटी अंजू उंबऱ्यावर बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकवून. लहानपणी रुसली की अशीच बसायची. म्हणाली, "दुसरा उपाय न्हाई गं. परक्याचं वासरू पाजलं तर कुलूप बसत न्हाई, पण गाय परक्याला जवळ करती का? लाथ घालती."

मी डोळे पुसले. "मोरकी असली तर?"

"काय?"

"मोरकी असली तर तिला परकं कुठं कळतंय? नुसतं पाजायपुरती बांधायची. परकं वासरू पिऊन जाईल. मग मोरकी काढायची आणि पाखऱ्याला चाटू द्यायचं दिवसभर, तोंडाला मुसकं बांधून. ओळख हाय पण तोंड न्हाई. तोंड हाय पण ओळख न्हाई. तुझ्या दोन्ही किल्ल्या एका वेळी लागतायत का?"

अंजूनं गुडघ्यावरची हनुवटी उचलली. मग म्हणाली, "न्हाई लागत. केंद्रात कुणी करून बघितलं न्हाई, पण लागायला नको. फक्त पाखऱ्याला कोण पाजणार? म्हंजी अजून एक गाय पाहिजे. त्याच सुमाराला व्यालेली, तिलाबी मोरकी. दुसरी माझ्याकडं हाय." आणि तिनं मान वळवून कुंपणाकडं बघितलं.

मी म्हटलं, "नाव काढू नको."

कुंपणापलीकडं माझी धाकटी जाऊ राहते, सारिका. तिची गाय मोगरी चांदणीच्या पाठोपाठ व्यालेली, तिला खोंड झालेलं, वादळ. आणि मोगरीही अजून रिकामीच, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. पण आमचं बोलणं बंद होऊन सात वर्षं झाली होती.

कारण सांगते. खरसुंडीच्या जत्रेत खोंडांचं प्रदर्शन असतं. एक गट असतो आदत, म्हणजे ज्यांचे दुधाचे दात पडून पक्के दात अजून आले नाहीत अशांचा. सारिकाचा खोंड त्या गटात उभा होता. देखणा होता, पहिला आलाच असता. पंच आले, आणि त्यांनी खोंडाचं तोंड उघडायच्या आत मी, सारिकाच्या पाठीमागून, कौतुकानं म्हटलं, "अगं, ह्याला तर दात आलाय की!" मला वाटलं तिला माहीत असेल. तिला वाटलं मी मुद्दाम बोलले. खोंड गटातून बाहेर. त्या दिवसापासून तिनं कुंपणाला शेराच्या फांद्या लावल्या आणि आता त्या डोक्याच्या वर गेल्या होत्या.

तरी गेले. काय करणार, चांदणीसाठी गेले. सारिका जोंधळा पाखडत होती. मला बघून सूप थांबलं.

"आलीस व्हय अक्का?" ती म्हणाली. "दात बघायला?"

तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं. एवढं कधी काही गिळलं नव्हतं. "मोगरी माजावर आली का?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"माझी चांदणीबी आली न्हाई. ज्येष्ठात दोघींच्या गाई एकाच गाडीत चढतील. त्या तरी बोलतील एकमेकींशी."

सारिकाला हसू आलं, पण तिनं ते पाखडण्यात घातलं. मग मी तिला सगळं सांगितलं, लॉकर, किल्ल्या, मोरकी, चर. चराचं ऐकल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी माझा वादळ तुझ्या चांदणीला पिणार, आणि तुझा पाखऱ्या माझ्या मोगरीला."

"व्हय."

"आणि तुझ्या चांदणीला दूध कमी असलं तर? माझा खोंड बारीक व्हायचा."

"सारिके, माझ्या गाईच्या दुधाला नाव ठेवू नको हां!"

"बरं बरं. पण एक अट हाय," ती म्हणाली. "जत्रेत माझ्या खोंडाच्या मागं उभं ऱ्हायचं न्हाईस."

"न्हाई ऱ्हात."

शेराच्या कुंपणाला तिनं स्वतः कोयता लावला. गाय मान घालू शकेल एवढं आणि एक बाई वाकून जाईल एवढं भोक पाडलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आमची वरात. मी पाखऱ्याला घेऊन तिकडं, ती वादळला घेऊन इकडं. पाखऱ्याचं घुंगरू मी परत बांधलं होतं, पण वाजू नये म्हणून दोघांच्याही घुंगरात फडकी कोंबलेली. मोरक्या बांधायच्या, पाजायचं, मोरक्या काढायच्या, वासरांना मुसकी घालायची आणि आपापल्या आईपाशी सोडायचं. पहिले काही दिवस वादळनं चांदणीला एवढ्या ढुशा दिल्या की मी म्हटलं, "पोराला जरा रीतभात शिकव." सारिका म्हणाली, "आणि तुझा? ओकेपर्यंत पितो." वासरं पीत असताना दोघींना भोकाच्या दोन बाजूंना उभं राहावंच लागायचं, आणि सात वर्षांचं बोलायचं राहिलं होतं. तिच्या थोरल्याचं लग्न मोडलं होतं ते मला तेव्हा कळलं. मला कुंपणापलीकडून कळायला हवं होतं ना, पण शेर जाड होता.

अंजू रजा वाढवून राहिली होती. फाल्गुनात एके सकाळी ती फोन घेऊन पळत आली. आलेखात हुकूम दिसत होते, आधी एक, मग वरचेवर. चैत्राच्या सुरुवातीला चांदणी अशी हंबरली की हे पांघरुणातून उठून म्हणाले, "कोण मेलं?" कुणी मेलं नव्हतं. पाठोपाठ मोगरीनं पलीकडून सूर लावला. मी आणि सारिका कुंपणाच्या भोकात दोन्हीकडून एकदमच आलो आणि डोकी आपटली.

ज्येष्ठात गाडी आली. माणसानं चांदणीच्या नाकाशी यंत्र धरलं, मग मोगरीच्या. "दोन्ही गाभण," तो म्हणाला, आणि रिकामी गाडी धुरळा उडवत गेली. चांदणीच्या गळ्यात पडून मी तिला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. अंजूनं केंद्राला कळवलं की मोरकी दिवसभर बांधून आईला विसरायला लावू नका, पाजायपुरती वापरा, दोन घरं मिळून. आता आसपासच्या गावांत तशाच वापरतात. आणि नाव पडलंय जावांची मोरकी.

पौषात खरसुंडीची जत्रा भरली. चांदणीचं पोट खाली उतरलं होतं, आज-उद्या विणार अशी, म्हणून तिच्यापाशी ह्यांना बसवलं आणि मी पाखऱ्याला घेऊन गेले. आदत गटात पाखऱ्या आणि वादळ शेजारी शेजारी उभे, दोघांच्या छात्या अशा भरलेल्या की माणसं वळून बघत होती. अट होती म्हणून मी पाखऱ्याचा कासरा पुतण्याच्या हातात दिला आणि लांब गुळाच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

पंच वादळपाशी आले. वय विचारलं, तोंड उघडायला हात पुढं केला. सारिका म्हणाली, "थांबा." मग टाचा उंचावून सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशी ओरडली, "अक्का! तिकडं कुठं लपलीस? हिकडं ये!"

मला वाटलं, काय झालं आता? मी गर्दीतून वाट काढत गेले.

"हिला विचारा," सारिका पंचांना म्हणाली. "दाताच्या बाबतीत ही सख्ख्या जावेलाबी सोडत न्हाई. ही सांगंल ते खरं."

माझे डोळे भरून आले, वादळचे दात दिसेनात. मी पदरानं डोळे पुसले, त्याचा जबडा उघडला, आणि नीट, एकेक दात बोटानं चाचपून बघितला.

"दुधाचेच हैत सगळे," मी म्हटलं. "आणि दूध माझ्या चांदणीचं हाय."